फिट डॉक्टर

आमच्या कापडाच्या कारखान्यातल्या डॉक्टरांना सगळे 'फिट डॉक्टर' म्हणायचे. ते स्वतः फिट होते म्हणून? डोंबल! समोर येईल त्याला "फिट!" म्हणून वाटेला लावायचे म्हणून. इतकी वर्षं पगार खाल्ला बाबाने, पण विणाईखात्यात कधी पाऊल टाकलं नाही. पँटला कापूस चिकटतो म्हणे! एकदाच बड्या साहेबांबरोबर दारापर्यंत आले. आत माग धडधडत होते. दोन्ही कानांत बोटं खुपसून म्हणाले, "बाप रे, कशी कामं करता इथे?" आणि आल्या पावली परत गेले. आमच्या कानांत घालायला साधे बोळे द्यावेत, एवढंही त्या शहाण्याला सुचलं नाही. लागल्यावर मलमपट्टी करायची, लागू नये म्हणून काही बघायचं नाही, अशी ती डॉक्टरकी.

मी आणि माझा दादा, दोघंही मागावर. त्या गोंगाटात कुणाचा आवाज कुणाला पोचत नाही, म्हणून आम्ही सगळे ओठांकडे बघून बोलतो. दादा त्यात उस्ताद. घरी मात्र वहिनी पाठीमागून हाका मारमारून दमायची. "तुझ्या भावाला माज आलाय," म्हणायची मला. एक दिवस कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत राहिला आणि दादा शेजारीच पेपर वाचत बसलेला. वहिनीला रडूच कोसळलं.

त्यातच दादाची बदली मालाच्या आवारात ठरली. तिथे ट्रक सतत मागे येतात. हॉर्न ऐकून बाजूला व्हायचं, दुसरा उपाय नाही. बदलीआधी डॉक्टरांकडून तपासणी होती, तेव्हा मीही दादाच्या मागोमाग त्यांच्या खोलीत घुसले.

"डॉक्टर, याला ऐकू येत नाही. हा ओठ बघून उत्तरं देतो. आवारात नका पाठवू याला. हवं तर पाठीमागून विचारून बघा."

"डॉक्टर मी की तू?"

त्या दिवशी डॉक्टरसाहेबांना सर्दी झालेली, तोंडावर मास्क. दादाला समोर बसवून त्यांनी विचारलं, "ऐकू येतं का?" दादा गप्प. पुन्हा विचारलं. दादा बावरून माझ्याकडे बघायला लागला.

"उद्धट आहे हा!" डॉक्टर कडाडले.

"अहो, तेच तर सांगतेय मी! तोंड झाकलंय ना तुम्ही!"

त्यांनी वैतागून मास्क हनुवटीवर ओढला. "ऐकू येतं का रे?"

"हो साहेब," दादा चटकन म्हणाला. कामावरून काढतील, ही धास्ती होती त्याला.

"बघ! म्हणे ऐकू येत नाही. फिट!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांदेखत एवढं घडलं तरी कळेना! यापेक्षा दगड बरा.

बाहेर पडताच दादा माझ्यावर डाफरला. "कशाला मध्ये तोंड घातलंस? नोकरी गेली असती ना!"

"आणि जीव गेला तर?" मी विचारलं. पण तोवर तो पाठ फिरवून चालायला लागला होता.

महिनाही झाला नसेल. एक ट्रक मागे येत होता. त्याचा हॉर्न अख्ख्या आवाराने ऐकला, दादा सोडून. पाय चाकाखाली आला. मी धावत पोचले तेव्हा तो जमिनीवर पडला होता आणि फिट डॉक्टर त्याच्या डोक्याशी उभे होते. खोलीबाहेर पडायला त्यांना हा मुहूर्त सापडला!

"अरे, एवढा हॉर्न वाजवला, ऐकू आला नाही का तुला?" ते ओरडत होते. दादा आभाळाकडे बघत कण्हत होता. त्यांनी पुन्हा विचारलं, अजून मोठ्याने.

मी त्यांचा दंड धरला आणि ओढत दादाच्या समोर आणून उभं केलं. "आता विचारा!"

दादाला त्यांचा चेहरा दिसला. ते काही बोलायच्या आतच तो कसाबसा कोपरावर उठला.

"येतं साहेब," तो म्हणाला. "ऐकू येतं मला. कामावरून काढू नका."