चौथी नळी

आमच्या खुर्चीत माणूस तासभर तोंड उघडं ठेवून बसतो, पण बोलता येत नाही. त्यामुळे तोंड मोकळं झालं की सगळं एकदम बाहेर पडतं. अंधेरीत दातांचा दवाखाना चालवत अठरा वर्षं झाली, माझ्याकडे किस्सेच किस्से जमलेत. त्यातही रूट कॅनलचे जास्त. तो टिकला तरी किस्सा, फसला तरी किस्सा.

परवा एक काकू ट्रीटमेंटच्या दुसऱ्याच दिवशी गाल धरून हजर. "नस मारली म्हणालात ना?"

"हो."

"मग दुखतंय कसं? मेलेला माणूस कण्हतो का?"

आजूबाजूचं दुखणं दोन-चार दिवसांत जातं, हे समजावलं. पटलं नाही. चौथ्या दिवशी फोन आला, "आता मेली हो."

साकीनाक्याला वर्कशॉप असलेले एक गृहस्थ. अर्धं काम झाल्यावर मी तात्पुरतं सिमेंट भरून आठवड्याने बोलावलं होतं. आले दोन वर्षांनी, सुजलेला गाल घेऊन.

"टेम्पररी आहे म्हटलं होतं ना मी?"

"मॅडम, आमच्या लाइनमध्ये टेम्पररीच सगळ्यात जास्त टिकतं."

दात त्यांच्या लाइनमधला नव्हता. सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं.

वर्सोव्याच्या मासळीवाल्या मावशी तर कॅप बसवायला आल्याच नाहीत. नस काढलेला दात कॅपशिवाय तडकतो, हे मी दोनदा सांगितलं होतं. सहा महिन्यांनी अर्धा दात कागदाच्या पुडीत घेऊन आल्या. त्याच दाताने खेकड्याची नांगी फोडली होती. मी चांगलीच चिडले. मावशी शांत.

"तूच बोललीस ना, दात वाचला? मग मी वापरला."

या सगळ्यांना मी हसते, पण फसलेला एक रूट कॅनल पूर्णपणे माझा होता. पेशंट म्हणजे मला शाळेत गणित शिकवणारे सर. उजव्या बाजूला चावायला त्यांची ती एकच दाढ उरली होती. मी तिच्या मुळांतल्या नळ्या साफ करून भरल्या, तरी ती दुखायची थांबेना. दोनदा ते आले, दोनदा मी एक्स-रे बघून "सगळं ठीक आहे, सर" म्हणाले. तिसऱ्यांदा दाढ काढायची भाषा केली.

सर म्हणाले, "काढण्याआधी उत्तर एकदा तपासशील?"

शाळेतही एवढंच म्हणायचे.

दाढ पुन्हा उघडली. तीन नळ्या नीट भरलेल्या. चौथी, केसाएवढी, कोपऱ्यात दडलेली, मला दिसलीच नव्हती.

"सर, चूक माझी. एक नळी राहिली होती."

सरांचं तोंड बधिर. मी ती नळी साफ करून भरली. फार लाज वाटली.

सहा महिन्यांनी एक्स-रे झकास आला. दाढ वाचली. सरांनी माझ्याकडून केसपेपर मागून घेतला आणि खिशातलं लाल पेन काढलं. पहिल्या तारखेपुढे लिहिलं, ३/४. दाढ पुन्हा उघडली त्या तारखेपुढे, ४/४. मी शाळेतल्यासारखी खूश झाले.

सर गेल्यावर कागद फाइलला लावताना दिसलं, खाली आणखी एक ओळ होती.

"अक्षर सुधार."