नाव ताईचं, अक्षर माझं

तो फॉर्म मी भरला होता, हे आधीच सांगून टाकतो. उगाच ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

ताई तेव्हा दहावीत होती आणि मी पाचवीत. शाळेनं दहावीच्या सगळ्या मुलांना एक पातळ चोपडं घरी दिलं होतं. वर ठळक छापलेलं, ‘स्वतःला ओळखा’. आत चौऱ्याऐंशी प्रश्न आणि प्रत्येकापुढे चार गोल: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. आपल्याला लागू पडेल तो गोल पेन्सिलनं काळा करायचा, आणि त्यावरून पुढे काय शिकावं ते कळणार. घरी शांतपणे भरून आणा, असं बाईंनी बजावलं होतं. आमच्या घरात शांतपणे म्हणजे सगळ्यांनी मिळून.

रविवारी सकाळी मामा आला. बाबा गेल्यापासून आमच्याकडचा कुठलाही कागद मामाच्या देखत भरला जायचा. मामा खुर्चीत, आई शिलाई मशीनच्या स्टुलावर आणि मी जमिनीवर पेन्सिल घेऊन, कारण ताईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आणि माझं मोत्यासारखं. गोल काळा करायला चांगलं अक्षर कशाला लागतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताई दाराला टेकून उभी होती. फॉर्म तिचा होता म्हणून तिला खेळायला जाता येत नव्हतं, एवढाच तिचा त्यात भाग.

“अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं का?” मी वाचलं.

“खूप,” आई म्हणाली. “माणूस दिसलं की बोलणं आलंच.”

“मला नाही आवडत,” ताई म्हणाली.

“तुला काय कळतंय! आवडेल पुढे. खूप कर रे.”

दुसऱ्यांची भांडणं मिटवायला? खूप. दहा जणांची व्यवस्था लावायला? खूप. आई एका पाठोपाठ एक उत्तरं देत होती, तिला एकदाही थांबून विचार करावा लागत नव्हता. मग एक प्रश्न आला, “बंद पडलेली वस्तू उघडून बघावीशी वाटते का?”

ताई दारापासून दोन पावलं पुढे आली. “खूप. हे माझं आहे. खूप कर.”

मामा खो खो हसला. “भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतंस, आठवतंय ना? तीन स्क्रू उरले होते!”

“पण चालतंय ना अजून?”

“अजिबात नाही कर,” आई मला म्हणाली. “मुलीच्या हातात पाने आणि पकडी. लोक काय म्हणतील?”

मी केला. गोलाबाहेर एक रेघ जाऊ न देता, नीट काळा केला. शेवटी खाली एक ओळ होती: ‘वरील उत्तरे मी स्वतः, कोणाच्याही मदतीशिवाय दिली आहेत.’ मामानं ती मोठ्यानं वाचली आणि ताईला म्हणाला, “हं, कर सही.”

महिन्याभरानं अहवाल आला, मागे भरलेलं चोपडं जोडून. लोकसंपर्क उत्तम. यांत्रिक कल अत्यल्प. सुचवलेली कामं: स्वागतकक्ष, ग्राहकसेवा, विक्री. आईनं तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात घराच्या कागदांबरोबर ठेवला. त्या दिवसापासून ताईनं कुरकुर केली की आई एकच म्हणायची, “कागद खोटं बोलतो का?”

एकोणिसाव्या वर्षी ताई एका नऊ मजली कार्यालयात स्वागतकक्षात बसली. मामानंच ओळख काढली होती. दिवसभर हसायचं, वहीत नाव लिहून घ्यायचं, गळ्यात घालायचा पट्टा द्यायचा आणि “सहावा मजला, उजवीकडे” म्हणायचं. संध्याकाळी घरी आली की ती तासभर कुणाशी बोलायची नाही. आई म्हणायची, “बाहेर गोड बोलते आणि घरात मूग गिळून बसते.” मला कळत होतं की दिवसभराचं बोलणं तिचं संपलेलं असायचं. कळत होतं, पण मी काही बोललो नाही. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून मामानं मला नोंदणी कार्यालयात कारकून म्हणून चिकटवलं होतं, आणि मी कसा सुखात आहे हे दाखवण्यातच माझा वेळ जायचा.

तिच्या टेबलासमोर दोन लिफ्ट होत्या. नऊ वर्षं ती त्यांच्याकडे तोंड करून बसली. नवव्या वर्षी डावीकडची लिफ्ट वरचेवर मध्येच अडकू लागली. दुरुस्तीला येणारा मेकॅनिक उतारवयाचा होता. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजता आल्या असत्या. ताई उठून त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, “काका, उतरताना तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये टक् वाजतं. भरलेली असली तर नाही, रिकामी असली तरच.”

 मेकॅनिकनं लिफ्टच्या टपावर उभं राहून तो टप्पा तपासला. लिफ्ट ज्या रुळांवरून सरकते त्यांतला एक रूळ धरणाऱ्या पट्टीचा बोल्ट ढिला झाला होता. ताईनं तीन तास दारात उभं राहून त्याला बॅटरी धरली. स्वागतकक्ष ओस पडला, दोन पाहुणे पट्ट्याशिवायच वर गेले आणि साहेबांनी तिला नंतर बोलावून झापलं. मेकॅनिक जाताना एवढंच म्हणाला, “कान चांगला आहे तुझा. लिफ्टचे दहातले आठ रोग दारात असतात, पण उरलेले दोन कानाला कळतात.”

त्या रात्री ताईच्या लक्षात आलं की त्या तीन तासांत तिनं घड्याळाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जुन्या डायरीत रेघा ओढायला सुरुवात केली. कामावर असताना घड्याळाकडे नजर गेली की एक रेघ. चाळीस दिवस. कुठल्याही छापील फॉर्मवर तिचा आता विश्वास नव्हता. तिनं मला ती डायरी दाखवली तेव्हा मी आधी हसलो. पान उलटलं की एकतीस रेघा, पुढे चौतीस, एका सोमवारी एक्केचाळीस. मग मधेच एक पान आलं, त्यावर दोन. आणखी पुढे एक पान कोरं.

“त्या दिवशी सुट्टी होती?” मी विचारलं.

“काका छतावरच्या खोलीत लिफ्टची मोटर उघडून बसले होते. जेवणाची सुट्टी आणि शिल्लक रजा जोडून मी वर होते.” ती डायरी माझ्या हातातून घेत म्हणाली, “कोऱ्या पानांचं काम करायचंय मला. बाकीचं नऊ वर्षं केलं, पुरे झालं.”

सरकारी प्रशिक्षण केंद्रात लिफ्ट दुरुस्तीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. वयाची अट होती, आणि ताईला ती शेवटची संधी होती. पुढच्या वर्षी ती त्या अटीत बसत नव्हती. घरात वादळ उठलं. मामा म्हणाला, “अठ्ठाविसाव्या वर्षी शिंगं मोडून वासरांत शिरणार?” आई म्हणाली, “नऊ मजले खोल खड्डा, त्यात लोंबकळणार? तुझ्या बाबांच्या मागे मी काय म्हणून तुम्हाला वाढवलं?” आईची भीती खरी होती, ते मी नाकारत नाही. पण भीती खरी असली म्हणून तिचं म्हणणं खरं होत नाही.

“मी अर्ज केलाय,” ताई म्हणाली. “तुम्हाला सांगतेय. विचारत नाहीये.”

अर्जाबरोबर कलचाचणीचा अहवाल असेल तर जोडायचा होता. नसेल तर केंद्रातच नवी चाचणी घेणार होते. ताईनं ‘नाही’ लिहिलं. मुलाखतीच्या दिवशी आई हट्टानं बरोबर आली, मी रजा टाकून गेलो. ताई पाणी प्यायला गेली तेवढ्यात आईनं पर्समधून प्लॅस्टिकची ती पिशवी काढली आणि खिडकीतल्या कारकुनाच्या हातात दिली. मी बघत होतो.  तेरा वर्षांपूर्वीसारखाच गप्प बसलो.

आत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी अहवाल पुढे सरकवला. सोबत कुणी आत चालेल असं म्हणाल्या म्हणून मीही होतो. बाईंचा चष्मा कपाळावर होता आणि आवाज थकलेला.

“यांत्रिक कल अत्यल्प. इथे स्पष्ट आहे. चाळीस अर्ज आहेत, बारा जागा. मी काय म्हणून तुम्हाला घेऊ?”

ताईनं अहवाल पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघायला लागलो.

“नाव माझं आहे,” ती बाईंना म्हणाली, “अक्षर ह्याचं आहे आणि उत्तरं आईची आहेत.”

“सगळे असंच म्हणतात. खाली सही तुमची आहे.”

“खरं आहे ते,” मी म्हणालो.  “गोल मी काळे केलेत. ती खूप म्हणाली होती, मी अजिबात नाही केलं.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पण चेहऱ्यावर विश्वास नव्हता. तेव्हा ताई उठली, दाराशी गेली आणि दार सताड उघडलं.

“बाई, चोपड्यातला पहिला प्रश्न वाचा. आणि इकडे या.”

बाहेरच्या हॉलमध्ये तासाभरापूर्वी नुसता गोंधळ होता. आता सगळे रांगेत नंबरानं बसले होते. मधोमध आई उभी होती. “चौदा नंबर तू ना? तुझ्या दाखल्याची झेरॉक्स राहिलीय, समोरच्या दुकानात जा, मी जागा धरते. अहो आजोबा, नातवाला काही होत नाही, तुम्ही पंख्याखाली बसा.” मघाशी कोपऱ्यात जागेवरून जुंपलेले दोघे बाप शेजारी शेजारी बसून एकमेकांची गावं विचारत होते. केंद्राचा शिपाई आईजवळ येऊन अदबीनं म्हणाला, “मावशी, आता कोणाला आत सोडू?”

बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मग हातातलं चोपडं पुन्हा वाचायला लागल्या. अनोळखी माणसांशी बोलायला, खूप. भांडणं मिटवायला, खूप. दहा जणांची व्यवस्था लावायला, खूप.

“फॉर्म खोटा नाहीये,” ताई हळूच म्हणाली. “फक्त तो माझा नाही.”

मला तेव्हा ते उमगलं. आई वीस वर्षं आतल्या खोलीत मशीनवर वाकून शिवत होती, कारण बाबा गेल्यावर मामानं मशीन आणून दिलं होतं. गिऱ्हाईक बाही आखूड करायला यायचं आणि दोन तास गप्पा मारून जायचं. कपडे कधी वेळेवर व्हायचे नाहीत. मशीन बिघडलं की ताई गुपचूप उघडून सारखं करायची. आणि आम्ही सगळे आईला ‘बडबडी’ म्हणायचो.

ताईनं डायरी बाईंपुढे ठेवली. बाईंनी सगळी पानं उलटली. “हे करायला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. म्हणून केलं.”

बाईंनी तिला नवं चोपडं दिलं आणि शेजारच्या रिकाम्या खोलीत एकटीला बसवलं. मी सवयीनं मागे निघालो, तर त्यांनी मला हातानंच थांबवलं. चाळीस मिनिटांनी ताई बाहेर आली. गोल वेडेवाकडे काळे केलेले होते, काही तर बाहेर गेले होते. मला ते फार सुंदर वाटले.

यादीत तिचं नाव सातवं लागलं. आज अकरा वर्षं ती लिफ्टच्या टपावर उभी राहते. एखाद्या इमारतीत कुणी “मेकॅनिक कधी येणार हो?” असं तिलाच विचारलं की ती म्हणते, “आलाय. बाजूला व्हा.” मामा अजूनही लोकांना ती इंजिनियर आहे असं सांगतो. ती प्रत्येक वेळी त्याच्या तोंडावर दुरुस्त करते.

पण त्या मुलाखतीच्या दिवशी निघताना तिनं बाईंकडून आणखी एक कोरं चोपडं मागून घेतलं होतं. घरी आल्यावर तिनं ते शिलाई मशीनवर ठेवलं.

आईनं ते लांबूनच पाहिलं.  “मला काय करायचंय हे? ह्या वयात?”

“मामाला विचारूया का?” ताईनं साळसूदपणे विचारलं.

“त्याला कशाला विचारायचं?” आई एकदम फणकारली. “मशीन आणलंन तेव्हा मला विचारलं होतं का त्यानं?”

मी खिशातली पेन्सिल काढून जमिनीवर बसलो. हात आपोआपच गेला. “वाचू का, आई?”

तिनं पेन्सिल माझ्या हातातून हिसकावून घेतली. “तुम्ही दोघंही बाहेर बसा. दार ओढून घ्या.”

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. शेवटच्या ओळीखाली तिची सही होती, चांगली मोठी. बाईंकडे पाठवण्याआधी मामाला एकदा दाखवायचं का, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

“कशाला?” आई म्हणाली. “खाली काय लिहिलंय ते वाचता येत नाही का तुला?”