खुशालच्या बांधीत पाहुणं धान

ब्रह्मपुरीच्या बाजूचा खुशाल माणूस म्हणून इतका चांगला, की त्याच्या चांगुलपणाचा गावालाच वैताग यायचा. विजेचं मीटर बघायला आलेल्यालाही हा चहा पाजल्याशिवाय सोडत नसे, आणि तो बिचारा उशीर झाला म्हणून पुढच्या तीन घरांचे आकडे अंदाजानं लिहून जाई. अशा माणसाच्या शेतात विद्यापीठानं प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलं. आता काय होणार, सांगा!

विद्यापीठाच्या विस्तार केंद्रातून नूतन मॅडम आल्या. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, पण समजावून सांगण्यात पक्क्या. खुशालची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, बोडीखाली होती; त्या छोट्या तलावाचं पाणी तिला मिळायचं. तिचे दोन भाग करायचे. एकात विद्यापीठाचं नवं भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान, दुसऱ्यात खुशालचं नेहमीचं हलकं, लवकर पिकणारं. खत सारखं, पाणी सारखं, निंदण सारखं. "काका, दोघांना एकच वागणूक द्यायची. तरच खरं काय ते कळेल." खुशालनं मान डोलावली. त्याला सगळं कळलं होतं, पटलं मात्र काडीचं नव्हतं.

"पोरगी एवढ्या दुरून बियाणं घेऊन आली," तो बायकोला, रुखमाला म्हणाला. "घरच्या लेकराले आन पाहुण्याले एकसारखं वाढते का कोणी?"

"मॅडमनं सारखंच सांगतलं ना?"

"तिले तसं म्हणाच लागते. शिकलेली हाये."

झालं! पाहुण्या धानाला तीन बैलबंड्या शेणखत जास्तीचं पडलं. बोडीचं पाणी आधी त्याला, उरलंसुरलं घरच्याला. घरचं धान बिचारं पिवळं पडलं, पण घरचंच ते, कुणाकडे तक्रार करणार? आणि आपण पाहुणचारात कमी पडलो नाही म्हणून हे महाशय खूश.

प्रात्यक्षिक दाखवायला दिवाळीच्या सुमारास शेतावर मंडप उभा राहिला, कर्णे लागले. पाहुण्या धानाच्या लोंब्या बघून लोकांचे डोळे दिपले. खुशाललाही भरून आलं. तेवढ्यात माइकवरून सांगितलं गेलं, की येत्या हंगामाला प्रत्येक शेतकऱ्याला या धानाची एक पिशवी फुकट, नावं लिहून द्या. पहिलं नाव लागलं बायनाबाईचं.

बायनाबाई खुशालची थोरली बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. तिचा एकच एकर, तोही उंचावर. आभाळातून पडेल तेवढंच पाणी. पाऊस दसऱ्याच्या आत पाठ फिरवतो. त्याआधी पिकणारं हलकं धानच तिथे तगतं, आणि हे भारी धान तर दिवाळीपर्यंत पाणी पिणारं. बाईचं वर्षाचं जेवण त्या एकरावर होतं.  खुशालनं धावत जाऊन माइक ओढला.

"लोकहो, घेऊ नका! मी लबाडी केली. याले शेणखत जास्त देल्लं, पाणी जास्त देल्लं!"

 टाळ्यांचा कडकडाट! इतका नम्र शेतकरी आपण उभ्या आयुष्यात पाहिला नाही, असं प्रमुख पाहुण्यांनी सांगितलं. मागून कोणी म्हणालं, "सोताचं साधलं, आता दुसऱ्याले नको म्हणून राह्यला."

नूतन मॅडमचा तेवढा चेहरा उतरला. मंडप रिकामा झाल्यावर त्या जवळ आल्या. "काका, अहवाल वर गेला हो."

"मंग खाली आना."

"वरून खाली फक्त आदेश येतात, काका." पोरीला रडू फुटायचंच बाकी होतं.

मृग लागला तसा खुशाल आपल्या हलक्या धानाचं बियाणं घेऊन बहिणीकडे गेला. "बाई, हे घे. ते पिशवी मले दे."

"काऊन? चांगलं वावर आन चांगलं धान, दोन्ही तुलेच पाह्यजे?"

"तुह्या वावरात ते होत नाई."

"तुह्यात होते, माह्यात नाई! माह्या वावरानं तुह्यं का बिघडवलं?"

आता हिच्यापुढे काय डोकं फोडायचं? खुशालनं हातातलं बियाणं खाली ठेवलं. मग म्हणाला, "असं कर. या साली तू माह्या बोडीखाली लाव. मी तुह्या एकरात माह्यं हलकं लावतो."

यातही काही डाव असेल म्हणून बाईनं दोन दिवस विचार केला, आणि बांधी घेतली. रुखमानं आठवडाभर नवऱ्याशी अबोला धरला. ती चूक होती असं कोण म्हणेल? त्या बांधीत शेणखत खुशालनं याही साली टाकलंच. आता तर सख्खी बहीण होती.

पाऊस दसऱ्याआधीच गेला. उंचावरच्या वावरांतलं भारी धान उभ्या उभ्या वाळलं. बायनाबाईचं मात्र लोंबीच्या भारानं वाकलं. पुन्हा मंडप उभा राहिला, आणि या वेळी सत्कार बाईचा. कोणीतरी तिच्या खांद्यावर शाल टाकली. साठ वर्षांत तिच्या अंगावर शाल घालणारं कोणी भेटलं नव्हतं. ती माइकला दोन्ही हातांनी धरून बोलली.

"माह्या भावानं सांगतलं, हे धान घेऊ नको. बरं झालं मी त्याचं आयकलं नाई! आयकलं असतं तं बुडाली असती मी."

ज्यांचं वाळलं होतं ते माना खाली घालून बसले, आपलंच काही चुकलं असणार असं धरून. नूतन मॅडमनं माइक खुशालपुढे आणला. "काका, आज बोला. मी खरं तेच लिहीन."

खुशालनं त्या वाळलेल्या शेतांच्या मालकांकडे पाहिलं. मग बहिणीकडे पाहिलं. ती शालीचा काठ बोटांनी चाचपत होती, आणि हसत होती.

"बाई बराबर सांगून राह्यली," तो म्हणाला.