चांद्रगाडीच्या पोटावरचा ठिपका

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाने घोळ घातला तो निव्वळ सवयीने. हातात येईल ती यांत्रिक वस्तू आधी थिनरने पुसायची आणि मग तिच्याकडे बघायचं, ही तीस वर्षांची शिस्त. टपालाने आलेली पत्र्याची जुनी चांद्रगाडी त्याने खोक्यातून काढली, उलटी केली, पोटावरचं काळं ग्रीस एका फटक्यात पुसलं आणि फडक्याकडे बघितलं. फडक्याला गुलाबी लागलं होतं.

लहानपणच्या त्याच्या चांद्रगाडीच्या पोटावर ताईने नेलपॉलिशचा ठिपका लावला होता, "ही आपली" म्हणून. घर बदलताना गाडी हरवली, आणि तेव्हापासून पठ्ठ्या शोधतोच आहे. दिवसभर लोकांची पाचव्या मजल्यापर्यंत जायची सोय करायची आणि घरी आल्यावर आपण आणखी बरंच वर जायचं. कपाटात चाकांची रॉकेटं, किल्लीची यानं मिळून सत्तेचाळीस वाहनं. बायको त्या कपाटाला 'पार्किंग' म्हणते. रविवारी दुपारी पडदे ओढून तो फरशीला गाल टेकून आडवा होतो. मग फरशी हळूहळू लांबत जाते, पलंगाखालची धूळ चंद्रावरची होते आणि स्वयंपाकघरातला नळ कुठल्याशा दुसऱ्या ग्रहावर ठिबकत राहतो.

पण ही गाडी तीच का? की तो गुलाबी डाग कुणा दुकानदाराची खूण होती? सांगू शकणारं माणूस एकच. त्याने फोन लावला.

"ताई, मी पुरावा पुसला गं."

"का रे, खून कुणाचा केलास?"

रविवारी ताई आली आणि थेट जमिनीवर बसली. "कट्ट वाजलं ते माझ्या गुडघ्यात हां, तुझ्या गाडीत नाही." गाडीच्या पोटाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिने सरळ किल्ली फिरवायला घेतली.

"अगं, स्प्रिंग! जुनी आहे, तुटेल! मी एकाही गाडीला किल्ली देत नाही."

"मग काय नुसती पूजा करतोस?"

गाडी सुटली. दोन हात सरळ गेली, अडखळली आणि डावीकडे वळून पलंगाखाली शिरली. त्याची गाडीही अशीच वळायची. वाटेतले खड्डे चुकवते, असं त्याला तेव्हा वाटायचं.

"आपलीच आहे," ताई म्हणाली. "पुढचा दांडा वाकलाय. माझी टाच पडली होती."

"कधी बोलली नाहीस!"

"तू घर डोक्यावर घेतलं असतंस. म्हणून तर घर बदलताना शेजारच्या पोराला देऊन टाकली आणि हरवली म्हणून सांगितलं."

त्याने रागवायला तोंड उघडलं. तेवढ्यात गाडी पलंगाच्या दुसऱ्या टोकाने बाहेर आली, घुमटातला इवलासा चालक धुळीने पांढरा झालेला. राग कुठल्या कुठे गेला. तो आडवा झाला, गाल फरशीला. कुरकुरत ताईही शेजारी लवंडली. खोली लांबत, पसरत गेली.

गाडी थांबली तसा त्याने हात पुढे केला. "आता माझी पाळी."

"थांब रे जरा." ताईने पुन्हा किल्ली दिली. मग पुन्हा.

"ताई, तुझ्या तीन झाल्या. माझ्या तीन राहिल्या."

"देईन की," ती गाडीवरची नजर न काढता म्हणाली, आणि चौथ्यांदा किल्ली फिरवू लागली.