फुगीर की पोकळ

अण्णा मेस्त्री गेल्याचं मला आचऱ्याच्या बाजारात कोळंबी घेताना कळलं. पिशवी तिथेच टाकून मी धावले आणि सख्ख्या मुलीसारखी रडले. त्याला आता दीड महिना झाला. त्या रडण्याचाच आज राग येतो, आणि तो गिळून गोड गोड लिहिणं मला जमायचं नाही. ज्या माणसाने मला बघायला शिकवलं, त्यानेच माझ्या डोळ्यांना खोटं पाडलं.

अण्णांची गणपतीची शाळा म्हणजे घराला लागून असलेली लांब पडवी. आमच्याकडे घरोघरचे पाट शाळेत येतात आणि ज्याची त्याची मूर्ती ज्याच्या त्याच्या पाटावर घडते. सोळाव्या वर्षी मी तिथे माती मळायला जाऊ लागले. अण्णांनी मला आधी ब्रश दिला नाही, नुसतं बघायला बसवलं. मूर्ती हळूहळू फिरवायची आणि पोटाची कड कुठे वळते, कुठे नाहीशी होते ते पाहायचं. मग रंग. "उजेड वरसूनच येता असा माणसाचा डोक्या धरून चालता," ते म्हणायचे. "खालच्या अंगाक गडद हात मार, पोट आपसूक फुगता." आणि खरंच, सोंडेखाली त्यांनी एक गडद हात फिरवला की सोंड पोटापासून सुटी व्हायची. मी थक्क होऊन बघत राहायचे.

त्याच वर्षी एका दुपारी मी उरलेल्या मातीचा गणपतीचा एक चेहरा केला. अण्णांनी तो उचलून पाहिला आणि खाली ठेवला. दोन दिवसांनी मला पडवीच्या टोकाला बोलावलं. बाहेर पावसाने अंधारून आलं होतं. भिंतीवर प्लास्टरचा एक पांढरा चेहरा टांगलेला, त्याच्या खाली जमिनीवर बल्ब. मला दहा पावलांवर उभं करून म्हणाले, "एक डोळो बंद कर. फुगीर काय पोकळ?"

"फुगीर," मी म्हटलं.

त्यांनी माझा हात धरून तिथे नेला. बोटं आत गेली... तो साचा होता, चेहऱ्याचा आतला भाग. "तुका खोली दिसणा नाय गो, सुमन. चेहरो तुझ्या हातचो नाय. तू रंग कर, डोळे आख. वायट वाटून घेव नको."

मी वाईट वाटून घेतलं नाही. अठ्ठावीस वर्षं डोळे आखले. लोक म्हणायचे, गणपती नुसता बघत राहतो. चेहऱ्याच्या मातीला मात्र मी पुन्हा हात लावला नाही. देवाने एक दिलं, एक नाही दिलं, अशी समजूत घालून घेतली.

गेल्या आठवड्यात अण्णांचा मुलगा महेश बायको-मुलीला घेऊन शाळेतलं अण्णांचं सामान आवरायला आला. साचा खिळ्यावर होता. मी हसत हसत माझी ती फजिती सांगितली, खाली बल्बही लावून दाखवला. महेशला फुगीर दिसला. त्याच्या बायकोलाही. मुलगी म्हणाली, तो माझ्याकडे बघतोय. महेशने मोबाइलवर शोधलं आणि सहज म्हणाला, "सगळ्यांनाच तसं दिसतं. चेहरा आत गेलेला असतो हे डोकं मानतच नाही."

मी स्वयंपाकघरात गेले. अण्णांच्या पत्नी, आमच्या काकी, तांदूळ निवडत होत्या. "काकी, अण्णांना ठाऊक होतं?"

त्यांनी मान वर केली नाही. "म्हायत होता. तेंका पण फुगीरच दिसायचो. तुझो तो चेहरो बघून दोन दिस धड जेवक नाय."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत..."

"तू चेहरे करूक लागली असतस, तर डोळे कोणी आखले असते?"

त्यांच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, आणि तेच मला जास्त लागलं.

यंदा शाळा मीच चालवतेय. साचा मी काढला नाही. येता-जाता बघते, सगळं कळूनही तो फुगीरच दिसतो, आणि मला अण्णांचा आवाज ऐकू येतो. आलेल्या पाटांवरचे चेहरे मी स्वतः करायला घेतलेत. सोंड जाड होते. मोडते, पुन्हा करते, पुन्हा जाड होते. सोळाव्या वर्षी केलेल्या त्या चेहऱ्याची झाली नव्हती.