हो म्हणजे थांब

डावरी पहिल्यांदा आमच्या शिवेवर आली तेव्हा आधी तिचा आवाज आला. सासूबाई म्हणल्या, वावटळ उठली. मी म्हणलं, वावटळ अशी दम घेत घेत येत न्हाई. तेवढ्यावरून तोंड वाकडं झालं त्यांचं, पण मी बराबर होते.

लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. निजामाचं राज्य होतं. जालन्याच्या एका मारवाडी शेठनं लष्कराच्या लिलावातून ही दांडगी मोटार आणली. दहा चाकं, अन् पुढं नाकापाशी लोखंडी रूळ, त्यावर तारेचा जाड दोर गुंडाळलेला. दारावरच्या हिरव्या रंगाखालून पांढरी चांदणी अजून दिसायची. अमेरिकेची होती म्हणे, ब्रह्मदेशाकडं तोफा ओढून आल्ती. तिचं हाकायचं चाक डाव्या बाजूला, म्हणून आमच्या लोकांनी तिला डावरी म्हणायला सुरुवात केली. नावं ठेवण्यात आमचं गाव कधी मागं न्हाई. मलासुद्धा ‘जालनेवाली’ म्हणायचे, जशी काही मी विलायतेहून नांदायला आल्ते.

पण काय मोटार होती! जे ओझं पाहून गाडीवानांनी हात जोडले, ते ती घेऊन जायची. तेलाची इंजिनं, सागाचे ओंडके, उसाचे लोखंडी चरक. तोफा ओढणारीला आता चरक ओढायला लावलं म्हणून कोणी हळहळलं की मला राग यायचा. माणसं मारायच्या कामापेक्षा गूळ करायचं काम बरं की न्हाई? मला तर ती त्यासाठीच आवडायची.

शेठ घनसावंगीकडं कापसाची जिनिंग काढून राह्यला होता. तिचा बॉयलर घेऊन डावरी निघाली, मागं जोडलेल्या गाड्यावर बॉयलर बांधलेला. त्या साली पाऊस उशिरापर्यंत पडत राह्यला होता. आमच्या रानाजवळच्या ओढ्यात काळ्या मातीनं त्या गाड्याची चाकं धरली ती सोडीचनात. सारं गाव धावलं. जवळ जिनिंग झाली तर जालन्यापर्यंतच्या खेपा वाचणार होत्या, त्यामुळं कुणी मागं राह्यलं न्हाई. पुरुष बाभळीच्या फांद्या तोडत होते, आम्ही बाया पाट्यांतून दगड आणत होतो.

डायव्हर हैदराबादकडचा, फौजेतून आलेला. उंचापुरा, बोलायला गोड, मराठी मात्र नावाला. त्यानं तारेचा दोर नेऊन काठावरच्या चिंचेला बांधला. आता रूळ फिरला की दोर गुंडाळत जाणार आणि मोटार स्वतःलाच ओढून काढणार. हे ऐकून आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, खूश झाले. बैलाला हे सुचलं असतं तर आपण कशाला लागलो असतो, म्हणाले. डायव्हर डाव्या बाजूला चढून बसला. तिथून त्याला मागचं काही दिसत नव्हतं.

मागं गाड्याच्या चाकापुढं आमचे हे दगड भरत होते. सगळे बाजूला झाले तरी ह्यांचं ‘एकच दगड, एकच दगड’ चालूच. आणि पाय रुतला. गुडघ्यापर्यंत. काळी माती एकदा पाय धरती ती धरती. चाक वीतभर अंतरावर, त्यावर तो बॉयलर.

डायव्हरनं मान बाहेर काढून विचारलं, “खींचूं क्या?”

काठावरच्या माणसांनी ह्यांना पाह्यलं आणि एका तोंडानं ओरडले, “हो! हो! हो!”

बैल थांबवायला आम्ही हेच म्हणतो. जन्मभर कासरा ओढत जे ओरडले, तेच त्या घडीला तोंडून निघालं. डायव्हरनं ऐकलं, हो म्हणजे हो. त्यानं मान हलवली, इंजिन गरजलं, चिंचेपाशी दोर ताणला गेला.

डोक्यावरची पाटी मी कुठं टाकली मला ठाऊक न्हाई. पदर कधी पडला तेही न्हाई. माझं माहेर जालन्याचं, शेजारपाजार सगळा दखनी बोलणारा, ते बोल माझ्या जिभेवरच होते. मी दाराच्या त्या चांदणीवर दोन्ही मुठी आपटल्या. “रुको! नीचे आदमी है!”

डावरी जागच्या जागी थांबली. तेवढं वजन मागं ओढून राह्यलं होतं, तरी ती बोटभरही हलली न्हाई. त्या घडीला मी तिच्या पाया पडले असते.

ह्यांना खांद्यात हात घालून उपसून काढलं. पायताण आतच राह्यलं, पाय मात्र साबूत. डायव्हर खाली उतरला, तोंड पांढरंफटक. म्हणाला, तुम्हीच तर हो म्हणलात. मी त्याला सांगितलं की इथं बैलाला हो म्हणजे थांब. ऐकून तो चिखलातच बसला आणि दोन्ही हातांनी कान धरले.

मग मला पदराची आठवण झाली. लग्न होऊन इतकी वर्षं, मामंजींच्या समोर माझा आवाज कधी निघाला नव्हता. त्यांना पाणी हवं असलं तरी ते सासूबाईंना सांगायचे. आज तर मी परक्या माणसावर खेकसले होते. आता घरी काय वाढून ठेवलंय, म्हणून मी पदर ओढून मागं सरले.

मामंजी माझ्याकडं आले. डोळे भरलेले होते त्यांचे. “सूनबाई,” ते म्हणाले, “आता तूच सांग त्याला. तू म्हणशील तेव्हा ओढू दे.”

मी डावरीच्या पायरीवर चढले. मागं वाकून नीट पाह्यलं, ह्यांना काठावर उभं पाह्यलं, मंग म्हणलं, “चलो.” रूळ फिरला, चिंच करकरली, आणि चिखलातून गाड्याची चाकं बॉयलरसकट अशी वर आली की गाव नुसतं पाहत राह्यलं.

त्यानंतर आमचे हे औत हाकताना बैलांना ‘रुको’ म्हणायला लागले. लोक हसायचे, मीही हसायचे. हे म्हणायचे, आपला ‘हो’वर आता भरोसा न्हाई. बैलांनाही सवय झाली. हे गेले त्या साली औत मुलानं धरलं. तो हो हो करत राह्यला आणि बैल चालतच राह्यले. शेवटी बांधावरून मीच ओरडले, “रुको!” तेव्हा थांबले.