गारंबीची बी परत नेली तेव्हा

गेलं वर्षभर देवघरातला दिवा मी रोज लावत होते, पण हात जोडले की शब्द नुसते ओठांवर येत, मनात काहीच येत नसे. देवावर रुसले नव्हते, नुसती थकले होते. डोंगरातल्या आहुप्याच्या शाळेत सहा वर्षं काढल्यावर मी बदली मागितली आणि ती पेठजवळ मिळाली. नवऱ्याची कंपनी चाकणला, म्हणजे आता तो रोज घरी जेवायला येणार. मनूला, आमच्या मुलीला, नववीसाठी हायस्कूल जवळ. माझ्या डोक्यावरचा पाण्याचा हंडा सुटला. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मनूला मात्र कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. चौदा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं, अशीच आमच्याकडची रीत.

पेठला आल्यापासून मनू बोलेनाशी झाली. 'हो', 'नको', 'भूक नाही', एवढ्यात दिवस संपायचा. डबा आधी अर्धा परत यायचा, मग अख्खा. दिवाळीपर्यंत शाळेचा ड्रेस तिच्या अंगावर लोंबायला लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, टॉनिक दिलं, आणि 'वयच तसं आहे' म्हणाले. मला रात्रंदिवस एकच भीती, ही पोर माझ्या हातची जाणार.

संध्याकाळी ती एक हिंदी मालिका मात्र न चुकता बघायची. वडिलांच्या नोकरीपायी शहर बदलावं लागलेल्या एका मुलीची गोष्ट. मी शेजारी बसून वह्या तपासायची आणि टोमणे मारायची. "रडताना हिचं नाकसुद्धा लाल होत नाही. घर सोडायच्या दिवशी केस बघ, पार्लरमधून आल्यासारखे." एकदाच मनू म्हणाली, "मम्मी, तिला आतून तसंच वाटतं." मी हसले. ते हसणं मी अजून विसरलेले नाही.

मग एके दिवशी तिचं दप्तर झाडताना तळाशी गारंबीची बी सापडली. तळहातात मावेल एवढी, चपटी, तपकिरी. ही वेल आहुप्याच्या देवराईतली, आणि भैरोबाच्या राईतलं वाळकं पानसुद्धा कुणी उचलायचं नसतं. मी स्वतः वर्गात विज्ञान शिकवते. तरीही ती बी मी आधी देवघरात नेऊन ठेवली. मालिकेतल्या मुलीनं जुन्या अंगणातला दगड खिशात घालून नेला होता, त्यावरून हिनं हे केलं, हे कळायला मला वेळ लागला नाही. पोरीचं न जेवणं, न बोलणं, सगळ्याला कारण मिळालं. रविवारी तिला घेऊन निघाले. बी परत ठेवायची, नारळ फोडायचा, नाक घासायचं.

घोडेगावला पोचलो तर आहुप्याची एसटी डोळ्यांसमोर निघून गेली. मी स्टँडवरच्या बाकावर मटकन बसले. रडायलाही जोर नव्हता. तेवढ्यात हिरडा उतरवून रिकामी परतणारी एक पिकअप थांबली. मागच्या हौद्यात पोत्यांच्या घडीवर एक म्हातारी बसली होती. "आहुप्याला ना? या बाई, बसा. जागा लई हाय." माझ्या शाळेमुळं त्या पट्ट्यातली बहुतेक माणसं मला ठाऊक, पण ही ओळखीची वाटली नाही.

शिनोली मागे पडली तशी म्हातारीनं मनूला विचारलं, "टीव्ही बगती का गं? आमच्याकडं न्हाई. काय दावत्यात त्यात, सांग की."

आणि मनू बोलायला लागली. कित्येक महिन्यांनी. सांगू लागली, की एक मुलगी आहे, नव्या शाळेत आलीय. तिथल्या पोरी तिला 'डोंगरातली' म्हणतात, तिच्या बोलण्याची नक्कल करतात.

"मंग?" म्हातारी म्हणाली.

मग ती डबा उघडत नाही, कारण नाचणीची भाकरी बघून हसतात. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागं उभी राहते.

"मंग? आयला न्हाई सांगत?"

"आई दमलेली असते," मनू म्हणाली. "आणि ते गाव आईनंच मागून घेतलंय. तिला वाईट वाटंल."

मी त्या मालिकेचा एकेक भाग बघितला होता. त्यातल्या मुलीला दुसऱ्याच आठवड्यात तीन मैत्रिणी मिळाल्या होत्या. पाण्याची टाकी त्यात कुठंच नव्हती. मी डिंभे धरणाच्या पाण्याकडे तोंड फिरवलं आणि पदर तोंडात कोंबला.

एका वळणावर म्हातारीनं गाडी थांबवायला लावली. उतरताना म्हणाली, "शानी पोरगी हाय ती. पर एकलीनं किती वढायचं?" मनूच्या गालावरून हात फिरवून ती उतारानं चालू लागली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

राईत मनूनं बी वेलीच्या बुंध्याशी ठेवली. मी वाटभर पाठ केलेली क्षमा, नवस, काहीच ओठांवर आलं नाही. भैरोबाला एवढंच म्हणाले, "माझ्याच्यानं होत नाही, तू बघ." वर्षात पहिल्यांदा ते मनापासून निघालं. मग आम्ही दोघी देवळाच्या पायरीवर बसलो.

"मनू, त्या मुलीच्या आईनं पुढं काय केलं?"

ती माझ्याकडे वळली. म्हणाली, "तो भाग अजून आला न्हाई, मम्मी."

मी तिला जवळ घेतलं. दोघींची नाकं चांगली लाल होईपर्यंत रडलो.

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. अजून एखाद्या दिवशी डबा परत येतो. पण आता का आला ते मी विचारते, आणि ती सांगते. ती म्हातारी कोण होती यावर मी वाद घालत नाही. पोरीला बोलती कर, असं मी देवाला महिनोन्‌महिने सांगत होते. त्यानं मलाच ऐकायला बसवलं, तेही चालत्या पिकअपच्या हौद्यात, जिथून उठून वह्या तपासायला जाता येत नाही.